दोन बांगड्यांचा ओरखडा

विट्लच्या रस्त्याला, पोफळीच्या बागा संपून जांभ्याच्या खाणी सुरू होतात त्या वळणावर मोनप्पाची शेड आहे. पाटी नाही. पाटी कशाला, तो म्हणायचा, ज्याच्या गाडीला ओरखडा पडलाय त्याला डोळे मिटूनही माझा रस्ता सापडतो.

गाडी आली की तो आधी मालकाकडे बघतच नसे. लुंगी गुडघ्याच्या वर दुमडून दाराशी उकिडवा बसायचा आणि ओरखड्यावरून अंगठ्याचं नख आडवं फिरवायचा. नख अडकलं नाही तर दुखणं वरवरचं. ओल्या वॉटरपेपरने हलक्या हाताने घासायचं, मग कंपाउंडची पेस्ट, पॉलिश, संध्याकाळी घेऊन जा. नख अडकलं तर रंग आतपर्यंत गेलेला; मग पुट्टी, प्रायमर, रंग, वर क्लिअरचा चकाकता थर, आणि मालकाला दोन दिवस बसची हवा. एवढं कुठलाही पेंटर करतो. मोनप्पा त्यापुढे जाऊन ओरखडा कोणी काढला तेही सांगायचा.

"किल्ली आहे," तो एकदा एका बँकेच्या मॅनेजरला म्हणाला. "चालता चालता ओढलीय, मध्ये थांबून पुन्हा ओढलीय. रस्त्यावरचं पोर असतं तर एकदा ओढून पळालं असतं. माणूस ओळखीचा आहे आणि त्याला मनापासून राग आहे. पुढचं तुमचं तुम्ही बघा." मॅनेजरचं सख्ख्या भावाशी जमिनीवरून बोलणं बंद होतं.

नारळाची झावळी, गायीचं शिंग, पिशवीची चेन, कमरेचा पट्टा, सगळ्यांचा हात त्याला ठाऊक. आणि उपदेश तर न मागता मिळायचा. "धुळीवर कोरडं फडकं फिरवता? वाळूने तोंड पुसता का घरी? आधी पाणी सोडा, मग मऊ कापड, वरून खाली. आणि कव्हर घालण्याआधी झटका. आत वाळू असली तर कव्हरच गाडीला ओरबाडतं आणि तुम्ही शिव्या गायीला देता." लोक ऐकून घ्यायचे, कारण काम सोन्यासारखं होतं. तोंड मात्र वॉटरपेपरसारखं होतं, पण त्याला इलाज नाही.

एका ओरखड्याविषयी मात्र तो कधीच कोणाशी बोलला नव्हता.

तो ओरखडा दुहेरी असायचा. केसाएवढ्या बारीक दोन रेषा, एकमेकींना धरून चाललेल्या, मध्येच जवळ येणाऱ्या, मध्येच सुटणाऱ्या. मागच्या दारापासून सुरू होऊन पुढच्या चाकापर्यंत. शेडीत रात्रभर राहिलेल्या गाडीवर तो सकाळी सापडायचा, रोज नाही, पण पावसाळ्यात जास्त. शेडीला कुलूप असायचं. एकदा तर गाडीवर कव्हर होतं, चारी कोपऱ्यांना त्याने स्वतः बांधलेलं. गाठी तशाच होत्या. कव्हर काढलं तर खाली दोन रेषा, आणि जमिनीवर रंगाची ताजी पांढरी भुकटी.

बांगड्यांचा ओरखडा होता तो. हे त्याला पहिल्याच दिवशी कळलं होतं, आणि कोणाच्या बांगड्या तेही.

मोनप्पाची थोरली मुलगी चित्राक्षी दीड वर्षाची होऊन तापाने गेली. नुकती चालायला लागली होती. शेड तेव्हा घराच्या पडवीलाच होती, आताच्यासारखी अंगणापलीकडे नव्हती, आणि पोर दिवसभर गाड्यांच्या अवतीभवती. भिंत धरून चालावं तशी ती गाडी धरून चालायची, आणि मनगटातल्या दोन काळ्या बांगड्या पत्र्यावर किर्र करत जायच्या. एकदा तिने एका जमीनदाराच्या नव्या गाडीचं नुकतंच पॉलिश केलेलं दार असंच या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढलं. मोनप्पाने तिच्या हातावर मारलं. जोरात नाही, पण मारलं. ती रडली नाही, नुसती हाताकडे बघत राहिली. त्याच आठवड्यात ताप आला.

पहिल्यांदा त्या दोन रेषा दिसल्या तेव्हा ती जाऊन वर्ष होत आलं होतं. दाराच्या अगदी खालच्या कडेशी होत्या, बसल्याशिवाय दिसल्याही नसत्या. पोर रागावलंय, मोनप्पाला वाटलं, मारलं म्हणून बदला घेतंय. कोणाला काही न सांगता त्याने त्या घासून काढल्या. महिन्याभराने पुन्हा आल्या. पुन्हा काढल्या.

मग एका पावसाळ्यात त्याच्या लक्षात आलं की रेषा सरकली आहे. उकिडवं बसलं की पूर्वी ती त्याच्या घोट्यासमोर असायची, आता नडगीच्या मध्यावर होती. पुढच्या वर्षी गुडघ्याशी. मेलेली माणसं तिकडे वाढतात, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पण माहीत असणं वेगळं आणि आपल्याच शेडीत, दुसऱ्याच्या गाडीवर, आपल्या लेकीची उंची बघणं वेगळं.

भीती गेली असं नाही. एका दुपारी पाऊस कोसळत होता आणि तो काळ्या गाडीच्या एका अंगाला पॉलिश करत होता. पलीकडच्या अंगाने किर्र असा आवाज सुरू झाला. सावकाश, मागून पुढे. त्याचा हात थांबला. उठून पलीकडे जावं एवढंच करायचं होतं, पण त्याच्याने झालं नाही. फडकं तसंच दारावर दाबून तो बसून राहिला. आवाज पुढच्या चाकाशी थांबला. बऱ्याच वेळाने तो गेला तेव्हा रेषांच्या कडेने भुकटी अजून गळत होती. त्या दिवसापासून तो चकाकत्या दारात फार वेळ बघत नसे. काम झालं की नजर खाली. आपल्यामागे कोण उभं आहे हे पॉलिशमध्ये दिसतं, असं तो म्हणायचा, आणि गिऱ्हाइकांना तो विनोद वाटायचा.

तरीही सकाळी कुलूप उघडलं की तो आधी गाड्यांभोवती फिरायचा. रेषा दिसली की छातीत धस्स व्हायचं आणि दिसली नाही की दिवस नासायचा. सहा-सात वर्षांची असेल तेव्हा ती रेषा सरळ जायची सोडून उड्या मारायला लागली, वरखाली, लाटांसारखी. मोनप्पा ती घासताना हसला होता. पुढे पुढे ती शांत झाली, सरळ झाली, चढत चढत काचेच्या खालच्या कडेशी येऊन थांबली. पोर वयात आली होती.

इकडे दुसरी मुलगी, हर्षिनी, तीही वयात आली होती. ती जिवंत होती, शाळेत शिकवत होती, आणि तिचं ठरलेलं लग्न दोनदा मोडलं होतं. पहिल्या वेळी मुलाकडचे कारण न सांगता फिरले. दुसऱ्या वेळी साखरपुड्याच्या आदल्या दिवशी मुलाचा आजा गेला. मोनप्पाची बायको कुसुमा कवड्या मांडणाऱ्या भटाकडे गेली आणि पदराने डोळे पुसत परत आली.

"थोरली उंबऱ्यात बसलीय म्हणे," ती म्हणाली. "तिला ओलांडून धाकटी कशी जाईल? तिचं लग्न लावून द्यायला हवं, अहो. या आटीतच."

आटीच्या महिन्यात आमच्याकडे जिवंतांची लग्नं होत नाहीत. पाऊस असतो, शेतं तुडुंब असतात, मुहूर्त नसतो. तेव्हा मेलेल्यांची होतात. ज्यांची पोरं लग्नाआधी गेली ती माणसं एकमेकांची घरं धुंडाळतात, कूळ बघतात, वय जुळवतात, आणि जिवंतांचं करावं तसं सगळं साग्रसंगीत करतात. मोनप्पाला हे नवं नव्हतं. भावकीतल्या अशा दोन लग्नांत तो कोंबडीचा रस्सा हाणून आला होता. पण स्वतःच्या घरचं निघालं तेव्हा तो म्हणाला, "बघू."

लग्न झालं की मुलगी सासरी जाते. मेलेलीसुद्धा. एवढं एकच त्याच्या डोक्यात होतं.

शीनप्पा म्हणून एक मध्यस्थ होता. जमिनी, म्हशी, जिवंत आणि मेलेली स्थळं, सगळं एकाच पिशवीत घेऊन हिंडणारा. त्याने स्थळ आणलं: बंट्वाळकडचा मुलगा, नदीत गेलेला.

"पाण्यात गेलेला नको," मोनप्पा म्हणाला. "तिला सर्दी लवकर व्हायची."

शीनप्पाने दुसरं आणलं: पोफळीवरून पडलेला.

"म्हणजे हलगर्जी."

तिसरं सुळ्या गावाच्या पलीकडचं, वासप्पाच्या मुलाचं, यतीश नाव. चार वर्षांचा असताना साप चावून गेलेला. वय बरोबर, कूळ वेगळं, घर खातंपितं. मोनप्पाने बराच विचार केला. "लांब पडतं," तो म्हणाला.

"मेलेल्याला बसचं तिकीट लागतं का, मोनप्पण्णा?" शीनप्पा उखडला. "पाण्यात मेलेला नको, झाडावरून पडलेला नको. तुम्हाला काय, मेलेला पोरगा सरकारी नोकरीत हवाय? मी म्हशींचा धंदा करतो तेच बरं. म्हशीचा बाप तरी आडवा येत नाही."

कुसुमा त्या दिवशी चुलीपुढे बसून राहिली, जेवली नाही. आटी अर्धा सरला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी हर्षिनी शाळेत जायच्या आधी शेडीत आली. एका लाल गाडीच्या दाराशी मोनप्पा वॉटरपेपर भिजवत होता. तिला पाहून तो गडबडीने ओरखड्यासमोर सरकला.

"लपवू नका, अप्पा," ती म्हणाली. "मला माहीत आहे."

"काय माहीत आहे? झावळी लागलीय."

"शेडीच्या आत झावळी?" तिने त्याला हाताने बाजूला केलं आणि त्या दोन रेषांपाशी जाऊन उभी राहिली, अगदी चिकटून, हात दारावर ठेवून. "लहानपणापासून मी अशीच उभी राहून बघते. तुम्ही जेवायला गेलात की यायची. ती कायम माझ्यापुढे चार बोटं. मला वाटायचं, एक दिवस मी गाठीन तिला. नाही गाठलं."

मोनप्पाच्या हातातून वॉटरपेपरचं पाणी गळत राहिलं.

"माझी उंची कधी बघितलीत, अप्पा?" ती म्हणाली. आवाज चढवला नव्हता. "एकदा तरी? मी कुठल्या इयत्तेत होते ते तुम्ही अम्माला विचारायचात. तिचं मात्र बोट बोट तुम्हाला ठाऊक. मी मेले असते तर बरं झालं असतं, निदान रोज सकाळी शोधलं असतंत."

"असं बोलू नये."

"मग काय बोलू? तुम्ही तिलाही जाऊ देत नाही आणि मलाही. दोघींना गाडीसारखं शेडीत लावून ठेवलंय, वरून कव्हर घालून."

ती गेली. तिची छत्री वळणावर दिसेनाशी होईपर्यंत मोनप्पा बघत होता, आणि त्याला खरोखरच उमगलं की ती किती उंच आहे ते त्याला डोळे मिटून सांगता आलं नसतं. त्याला स्वतःची लाज वाटली. मग तो लाल गाडीकडे वळला आणि किती तरी वर्षांनी त्याने चकाकत्या दारात सरळ पाहिलं. त्याचा चेहरा होता, मागे पाऊस होता. आपल्या खांद्यालगत पाऊस जरा कमी दिसतोय असं त्याला वाटलं, एखादं माणूस उभं राहावं एवढ्या जागेत. तो वळला नाही.

"तुझ्या बहिणीचं वय निघून चाललंय, पोरी," तो दाराकडे बघतच म्हणाला. "आणि तुझंही."

दुपारी त्याने शीनप्पाला फोन केला. "तो सापाचा मुलगा अजून आहे का?"

"जाणार कुठे?" शीनप्पा म्हणाला.

लग्नाची खरेदी झाली. साडी, कुंकू, करीमणीची काळी पोत, आणि पोलक्यासाठी शिंपी घरी आला. माप कोणाचं द्यायचं हा प्रश्न होता. "हर्षिनीचंच घ्या," कुसुमा म्हणाली, "बहिणीच त्या."

"नाही," मोनप्पा म्हणाला. "चार बोटं उंच आहे. हात लांब आहेत. मनगट हर्षिनीपेक्षा बारीक." तो उभा राहिला आणि आपल्या बरगडीशी तळहात आडवा धरून दाखवला. "हात गाडीवर ठेवला की इथं येतो."

शिंपी लिहायचा थांबला. कुसुमा नवऱ्याकडे बघत राहिली. घासलेली दारं, पावसाळ्यात त्याचं लवकर उठणं, गिऱ्हाइकांच्या गाड्या रात्री शेडीत ठेवून घेण्याची त्याची हौस, सगळं तिच्या ध्यानात आलं असावं. ती शिंप्याला म्हणाली, "ते सांगतात तसं लिहा."

बांगड्यांच्या दुकानात मोनप्पा काचेच्या बांगड्यांची प्रत्येक कड बोटाने तपासत होता. "जरा गुळगुळीत दाखवा. ह्यांची कड लागते. तिकडे व्याह्यांची गाडी आहे."

"असू देत," कुसुमाने हिरव्या बांगड्या उचलल्या. "वाजू देत तिच्या हातात. गाड्या काय, घासता येतात."

लग्न अंगणात, मांडवाखाली लागलं. दोन पाट, एकावर धोतर आणि शर्ट, एकावर साडी, पोलकं, हिरव्या बांगड्या, वर मोगऱ्याचा गजरा. अशा लग्नाला लग्न न झालेल्यांनी थांबायचं नसतं, म्हणून हर्षिनीला शेडीत पाठवलं होतं. साडीला करीमणी घातली तेव्हा वारा नव्हता, तरी बांगड्या किणकिणल्या. बायकांनी एकमेकींकडे बघून हात जोडले. जेवणं झाली. मग कुसुमाने साडीचं तबक उचललं आणि पोर सासरी निघाल्यावर आई जशी रडते तशीच रडली. त्यात खोटं काही नव्हतं.

वासप्पाची गाडी निळी होती. मागचं आसन मोकळं सोडलेलं. मोनप्पाने मऊ कापड भिजवून दार वरून खाली पुसलं, उघडलं, तबक आत ठेवलं आणि दार लावलं. त्याला वाटलं, दार नेहमीपेक्षा जड लागलं. गाडी पावसात वळणाआड गेली.

शेडीत हर्षिनी एका गाडीला टेकून उभी होती. "आत्ता माझ्या समोरून गेली," ती म्हणाली. चेहरा पांढराफटक होता. "दिसलं काही नाही. पण या गाडीपाशी थांबली होती. माझ्याजवळ." तिने बोट दाखवलं. दारावर दोन रेषा होत्या, हर्षिनीच्या हाताच्या अगदी शेजारी, चार बोटं वर. मोनप्पाने मुलीला जवळ घेतलं. तिचं डोकं त्याच्या हनुवटीला लागलं. इथपर्यंत येते तर, त्याने मनात नोंद केली.

त्यानंतर शेडीत एकही रेषा आली नाही. आटी संपला, हर्षिनीचं तिसऱ्या खेपेला ठरलं आणि या वेळी मोडलं नाही. मोनप्पा मांडवात इतका नाचला की लोकांना वाटलं प्यायलाय. ती मंगळूरला गेली. मग घर रिकामं, शेड रिकामी. सकाळी तो सवयीने गाड्यांभोवती फिरायचा आणि स्वच्छ पत्रा बघून परत यायचा. एवढं चांगलं काम आपल्या हातून झालंय आणि आपल्याला ते बघवत नाही, असं त्याने कुसुमाला एकदाच सांगितलं.

चित्राक्षीच्या लग्नाला दोन वर्षं होत आली, दुसरा आटी उतरणीला लागला होता तेव्हा निळी गाडी शेडीपुढे येऊन थांबली.

"व्याही, तुमच्याकडेच यावं लागलं," वासप्पा उतरत म्हणाला. "आमच्याकडे कोणाला कळेना. कुलूपबंद गाडीला ओरखडे. एक दुहेरी आहे, काचेच्या खाली. तो कधीमधी येतो, आम्ही बोलत नाही. पण गेल्या आठवड्यापासून हा नवा."

"कुठे?"

"खाली. अगदी खाली. मांजर असेल म्हणतात घरचे."

मोनप्पा उकिडवा बसला. वरच्या दोन रेषा त्याने ओळखल्या, त्यांच्याकडे बघून घेतलं आणि मग मान वाकवली. दाराच्या खालच्या कडेशी, घोट्याच्या उंचीला, एक बारीकशी रेषा होती. थोडी जायची, थांबायची, पुन्हा थोडी जायची. चालायला शिकणाऱ्याची. वरच्या रेषा तिच्याबरोबर थांबत होत्या, तिच्याबरोबरच पुढे जात होत्या.

त्याने नख फिरवलं नाही. "बसा, व्याही," तो म्हणाला, "ताक घ्या," आणि कुसुमाला बोलावून आणलं. ती गुडघ्यावर हात ठेवून खाली बसली. पागोळ्यांचं पाणी शेडीच्या कडेने गळत होतं आणि कुसुमा त्या एवढ्याशा रेषेवरून बोट नेत होती, थांबे तिथे थांबत.

"त्यांना सांगा," ती शेवटी म्हणाली, "आणि नीट सांगा. चित्राक्षीच्या वेळचं सांगा."

मोनप्पा उठला. वासप्पा ताक पीत बाकावर बसला होता.

"वरचा काढून देतो," मोनप्पा म्हणाला. "खालचा राहू द्या. मांजर नाही, नातवंड आहे. तो दरवर्षी थोडा वर सरकेल. घाबरू नका, कोणाला दाखवू नका." मग तो बाकावर त्याच्याशेजारी टेकला. "आणि व्याही, गाडी नवी घेतलीत, रंग नवा लावलात तरी चालेल. पण कितीही ओरखडे आले तरी ओरडू नका. हातावर मारू नका."